शोभेचा मिकोनिया आणि प्रशांत महासागरातली बेटे: एक प्रकरण अभ्यास

1937 साली ताहिती बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, पापेआरी इथल्या एका खासगी बागेत मिकोनिया कॅल्व्हेसेन्स हे झाड लावले गेले. बाग हॅरिसन स्मिथ यांची. हे गृहस्थ मूळचे अमेरिकेचे, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत भौतिकशास्त्र शिकवायचे. नोकरी सोडून ते ताहितीत स्थायिक झाले आणि उष्ण प्रदेशांतली झाडे जमवू लागले. मिकोनियाची पाने बघितली की तो त्यांना का आवडला हे विचारावे लागत नाही. पान पाऊण ते एक मीटर लांब, वरून मखमली गडद हिरवे, खालून जांभळे, आणि देठापासून टोकापर्यंत धावणाऱ्या तीन ठसठशीत शिरा. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काचघरांत याच पानांसाठी ते मिरवले जायचे.

ताहितीचे क्षेत्रफळ सुमारे 1,045 चौरस किलोमीटर. आज त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश भागात मिकोनिया आहे. किनाऱ्याजवळच्या ओल्या दऱ्यांपासून थेट 1,300 ते 1,400 मीटर उंचीपर्यंत, वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो अशा बहुतेक जागी तो पोचलेला आहे. अनेक दऱ्यांत तर दुसरे झाडच दिसत नाही. फक्त ताहितीत सापडणाऱ्या 40 ते 50 वनस्पती त्याच्यामुळे धोक्यात आल्याचे 1990 च्या दशकात नोंदले गेले.

याच झाडाने वेगवेगळ्या बेटांवर वेगवेगळे वळण घेतले, म्हणून हे प्रकरण नीट मांडण्यासारखे आहे. ताहितीत ते हाताबाहेर गेले. शेजारच्या रायातेआ बेटावर अजून झुंज चालू आहे. अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या ओआहू आणि काउआई बेटांवर ते बऱ्यापैकी आवरले गेले, तर त्याच राज्यातल्या हवाई नावाच्या बेटाच्या पूर्व बाजूला जवळपास हातचे गेले. झाड एक, हवामान जवळजवळ सारखे, मग फरक पडला कुठे? तो पडला पहिल्या फळधारणेनंतर किती वर्षांनी लोक जागे झाले आणि जागे झाल्यावर ठरल्या वेळी परत गेले की नाही, यावर.

झाडाचा स्वभाव

मिकोनिया मूळचा दक्षिण मेक्सिकोपासून मध्य अमेरिका ओलांडून ब्राझील आणि उत्तर अर्जेंटिनापर्यंतचा. अंजनी ज्या कुळातली, त्याच कुळातला हा. मूळ प्रदेशात तो जंगलातल्या मोकळ्या जागी, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला तुरळक दिसतो. तिथे कीड आहे, बुरशी आहे, पाने खाणाऱ्या अळ्या आहेत. बेटांवर यातले काहीच सोबत आले नाही.

उंची 4 ते 15 मीटर. पोषक जागी रोप वर्षाला दीड मीटरपर्यंत वाढते. बी पडल्यापासून चार-पाच वर्षांत पहिला बहर येतो. फुले पांढरी, बारीक, मोठ्या घोसात. परागीभवनासाठी दुसऱ्या झाडाची गरज नाही, एकटे झाडही स्वतःच्या परागावर फळ धरते. म्हणून दुर्गम दरीत एकच रोप उगवले तरी वसाहतीला ते पुरेसे होते. फळ पिकल्यावर काळपट जांभळे, 5 ते 8 मिलिमीटर व्यासाचे, गोडसर. एका फळात साधारण 200 बिया, प्रत्येक बी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. लहान झाडाने पहिल्या बहरात हजारभर फळे धरली तरी हिशेब दोन लाख बियांवर जातो. मोठे झाड वर्षाला लाखोंच्या घरात बिया टाकते आणि वर्षात एकाहून अधिक बहर येतात.

या सगळ्याहून घातक गुण वेगळाच आहे. मिकोनियाची रोपे गर्द सावलीत तग धरतात. बहुतेक आक्रमक झाडांना उन्हाची फट लागते. जंगल तोडले नाही, वणवा लागला नाही, तर ती आत घुसत नाहीत. म्हणून शाबूत जंगल सुरक्षित, असे धरून चालायची सवय असते. मिकोनियापुढे हे गणित चालत नाही. तो अस्पर्श जंगलाच्या तळाशी उगवतो, थांबतो, आणि वर एखादे झाड पडले की झेपावतो.

ताहितीच्या उंचावरच्या ढगाळ जंगलातली देशी झाडे बुटकी, विरळ छत्राची. त्यांच्या वरून दहा-बारा मीटरचा मिकोनिया ताट झाकावे तशी पाने पसरतो. खाली अंधार होतो. सायकोट्रिया, सिर्टँड्रा, ओफिओऱ्हायझा यांसारखी सावलीतली झुडपेही त्या अंधारात टिकत नाहीत, नवी रोपे तर नाहीच. जमीन उघडी पडते. त्यात मोठ्या पानांवर साठलेले पाणी जाड थेंबांनी खाली आदळते. पावसाचा थेंब थेट पडला असता त्यापेक्षा हा थेंब जड असतो, आणि तो झेलायला खाली गवत-नेचे उरलेले नसतात. मुळे उथळ. उभ्या चढावर याचा परिणाम मातीच्या धुपीत दिसतो. दरडींचा दोष मात्र एकट्या मिकोनियावर टाकू नये. ताहितीचे ज्वालामुखीजन्य कडे मुळातच कोसळणारे आहेत.

पन्नास वर्षे

1937 ते 1970 या काळात ताहितीत फारसे काही घडल्याचे दिसत नाही. पापेआरीच्या बागेतून आणि ताराव्हाओच्या पठारावरच्या कृषी केंद्रातून बिया बाहेर पडत होत्या, पण बेटाचा आतला भाग निर्मनुष्य. तिथे काय उगवते ते पाहायला कोणी जात नव्हते. चार-पाच वर्षांची एक पिढी धरली तर तीस वर्षांत सहा-सात पिढ्या झाल्या. प्रत्येक पिढीत बियांचा गुणाकार होत होता, आकडा मात्र अजून डोळ्यांत भरण्याइतका नव्हता.

पुढे दोन गोष्टी जुळून आल्या. पहिली, पक्षी. ताहितीत 1930 च्या दशकात चष्मेवाल्याच्या जातीचा एक ऑस्ट्रेलियन पक्षी आणला गेला होता. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथे लालबुड्या बुलबुल आला. हा तोच, आपल्या अंगणातल्या कढीपत्त्याच्या फळांवर झडप घालणारा. त्याच्या पोटातून मिकोनियाचे बी डोंगरापलीकडे जाऊ लागले. दुसरी, वादळे. 1982-83 च्या एल निनोच्या मोसमात ताहिती ज्यात येते त्या फ्रेंच पॉलिनेशिया बेटसमूहावर एकामागून एक चक्रीवादळे धडकली. छत्र फाटले, आणि तळाशी सावलीत थांबलेल्या लाखो रोपांना एकदम ऊन मिळाले.

अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ रेमंड फॉसबर्ग यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ताहितीतला मिकोनिया पाहून हवाईला सावध केले होते. ताहितीत त्याला कायद्याने उपद्रवी ठरवायला 1990 उजाडले. त्यानंतर वनस्पतिशास्त्रज्ञ जाँ-इव्ह मेयर यांनी त्यावर पद्धतशीर संशोधन केले, आणि आज या झाडाविषयी जी आकडेवारी वापरली जाते तिचा मोठा भाग त्या कामातून आला आहे. ताहितीपुरते मात्र उशीर झाला होता. सत्तर हजार हेक्टरच्या आसपास पसरलेले झाड माणसांनी उपटून संपत नाही.

रायातेआ: शाळकरी मुले, सैनिक आणि न संपणारे वेळापत्रक

रायातेआवर मिकोनिया 1950 च्या दशकात आला. सरकारी दखल 1989 नंतरची. तोवर तो काही दऱ्यांपुरता होता. बेटावरचे तेमेहानी पठार हे तिआरे आपेताही या फुलाचे जगातले एकमेव घर. अर्धवट कापल्यासारखे दिसणारे हे पांढरे फूल बेटाचे मानचिन्ह आहे. लोकांना मोहिमेत ओढायला त्याचा फार उपयोग झाला. वनस्पतींच्या यादीतले अवघड लॅटिन नाव सांगून गावकरी डोंगर चढत नाहीत.

1992 पासून तिथे सामूहिक उपटणीच्या मोहिमा सुरू झाल्या. शाळकरी मुले, स्वयंसेवक, पुढे फ्रेंच सैन्याच्या तुकड्याही आल्या. दहा लाखांहून अधिक रोपे आणि झाडे काढली गेली. त्यात फळाला आलेली झाडे अगदी थोडी, बाकी सगळी लहान रोपे. प्रकरणाचा गाभा या प्रमाणात आहे. फळ धरणारे झाड एकदा पाडले तरी त्याच्याखालची जमीन पुढे वर्षानुवर्षे रोपे उगवत राहते.

बिया मातीत किती वर्षे जिवंत राहतात याचे अंदाज सुरुवातीला चार-आठ वर्षांचे होते. मोहिमांची आखणीही त्यावर झाली. पुढे सोळा वर्षांहून जास्त काळ बिया उगवण्याजोग्या राहतात असे निघाले. म्हणजे आज एका जागेवरचे शेवटचे फळझाड पाडले, तर त्या जागेला किमान दीड-दोन दशके भेटी द्याव्या लागतील. मध्ये चार वर्षांचा खंड पडला की पहिली रोपे फळाला येतात आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. सरकारी निधी दोन-तीन वर्षांचा मंजूर होतो, मिकोनियाची बी मात्र त्याच्या कित्येक पट थांबते. बहुतेक फसलेल्या मोहिमा या दोन आकड्यांच्या फटीत पडल्या आहेत.

डोंगरावरचे काम कसे चालते

शोध आधी. मिकोनिया ओळखायची खूण पानाच्या खालच्या बाजूला. वारा आला की पाने उलटतात आणि समोरच्या उतारावर जांभळी झाक दिसते, म्हणून दरीच्या तळातून वर पाहणे जास्त उपयोगी. हेलिकॉप्टरमधून मोठी झाडे सहज कळतात, पण इतर झाडांच्या छत्राखालची दोन मीटरची रोपे कळत नाहीत. ती पायी शोधावी लागतात: माणसे काही मीटर अंतर ठेवून एका ओळीत चालतात, ओळ वळली की कडेचा माणूस खुणेची फीत बांधतो, आणि प्रत्येक सापडलेल्या रोपाची जागा जीपीएसवर चढते. रोप फळाला आलेले होते की नाही ही नोंद करायची राहून गेली, तर त्या जागेची सगळी मेहनत आंधळी होते. पुढची भेट कधी द्यायची हे त्याच एका नोंदीवर ठरते.

दोन-तीन मीटरपर्यंतचे रोप हाताने निघते. मुळे उथळ असल्याने ओल्या मातीत ते फारसा विरोध करत नाही. अवघड भाग उपटल्यानंतरचा. रोप तसेच जमिनीवर टाकले तर त्या ओलाव्यात ते पुन्हा मूळ धरते. म्हणून ते दुसऱ्या झाडाच्या फांदीवर, मुळे हवेत राहतील असे लटकवतात. नवशिक्या गटांकडून हमखास चुकते ते इथेच: सकाळभर उपटायचे, ढीग करायचा, आणि पुढच्या फेरीत ढिगाच्या तळातून पालवी.

मोठे झाड शक्य तितके जमिनीलगत कापून खुंटावर लगेच तणनाशक लावतात. हवाईत ट्रायक्लोपायर एस्टर तेलात साधारण 20 टक्के मिसळून वापरतात. नुसते तोडून सोडले तर खुंट फुटतो, आणि आडवे पडलेले खोड जिथे मातीला टेकते तिथेही फुटवे येतात. झाडावर फळे असतील तर आधी घोस काढून पिशवीत बंद करायचे, मग झाड पाडायचे. उलट क्रमाने केले की पिकलेली फळे उतारभर सांडतात.

काम संपल्यावर बूट. अर्ध्या मिलिमीटरचे बी चिखलाबरोबर तळव्याच्या खाचांत बसते आणि पुढच्या दरीत उतरते. बूट, गेटर (बुटावरून पोटरीवर चढवायचे आवरण), पिशव्यांच्या शिवणी, कोयत्याची मूठ, सगळे त्याच ठिकाणी ब्रशने घासायचे, गाडीपाशी येऊन नाही. मातीच्या कुंड्या, खडी आणि रस्त्याची यंत्रे यांचा धोका तर याहून मोठा. एका बेटावर चिखलात काम केलेला बुलडोझर न धुता दुसऱ्या बेटावर नेणे म्हणजे पेरणीच.

किती लांबवर शोधायचे? हवाई राज्यातल्या माउई बेटावरच्या नोंदींवरून दिसते की जवळजवळ सगळी रोपे मातृवृक्षापासून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास सापडतात, पण तुरळक एखादे दीड किलोमीटरच्या पुढेही. आता क्षेत्रफळ मोजा. अर्धा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे 79 हेक्टर, दीड किलोमीटरचे 700 हेक्टरच्या वर. लांबचे एक रोप गाठायला नऊ पट जंगल तुडवावे लागते. ते तुडवले नाही तर तेच रोप पाच वर्षांनी नवे केंद्र होते. पैसा इथे जातो, कोयते आणि औषधात नाही.

हवाई

हवाईत मिकोनिया 1961 मध्ये ओआहूच्या वाहियावा वनस्पती उद्यानात आला. पुढच्या दोन दशकांत रोपवाटिका आणि हौशी संग्राहकांच्या हातून तो हवाई बेटावरच्या हिलो परिसरात, माउईच्या हाना भागात आणि काउआईच्या वाइलुआ खोऱ्याजवळ पोचला. माउईवर 1991 मध्ये काढणी सुरू झाली तेव्हा प्रश्न काही झाडांचा वाटत होता. दोन वर्षांनी आकाशातून केलेल्या पाहणीत हानाच्या वर चाळीसेक हेक्टरची दाट वसाहत सापडली. अंदाज फसला तो नेहमीच्या कारणाने: रस्त्यावरून दिसते तेवढेच झाड आहे असे धरले होते.

1992 मध्ये राज्याने त्याला घातक तण जाहीर केले. ओआहू आणि काउआईवर वसाहती लहान असतानाच कामाला लागता आले, आणि तिथल्या आक्रमक प्रजाती समित्यांनी त्याच त्याच दऱ्या ठरल्या काळाने तपासण्याची शिस्त पाळली. हिलोच्या बाजूला पाऊस भरपूर, खासगी जमिनी असंख्य, आणि सुरुवात होईपर्यंत झाड हजारो एकरांत. तिथे गाभा सोडून कडा राखायचे धोरण घ्यावे लागले. हे धोरण हार मानल्यासारखे वाटते, पण तेच शहाणपणाचे आहे. दाट गाभ्यात खर्च केलेला पैसा एका बहरात वाया जातो, कडेवरचे एकटे झाड पाडले तर अख्खे पुढचे खोरे वाचते.

कड्यांवर माणूस उतरू शकत नाही, तिथे काय करायचे यावर हवाई विद्यापीठाच्या जेम्स लिअरी यांनी उत्तर काढले. पेंटबॉलच्या 0.68 इंची गोळीत रंगाऐवजी ट्रायक्लोपायर भरायचे आणि हेलिकॉप्टरमधून, साधारण 30 मीटरच्या आतून, एकेका झाडावर नेम धरून मारायचे. एका गोळीत औषध सुमारे 0.2 ग्रॅम. रोपाच्या आकारानुसार गोळ्या कमी-जास्त. फवारणीत औषध शेजारच्या देशी झाडांवरही उडते, इथे ते लक्ष्यापुरते राहते. शिवाय प्रत्येक उड्डाणात झाड, जागा आणि गोळ्या यांची नोंद आपोआप होते. मर्यादाही स्पष्ट आहे: दिसते तेवढेच मारता येते, आणि उड्डाणाचा तास महाग. दाट वसाहतीत ही पद्धत परवडत नाही. तुरळक झाडांसाठीच ती आहे.

करपा मदतीला

ताहितीपुढे उपटण्याचा पर्याय उरला नव्हता. मग बुरशी. आंब्याच्या मोहोरावर आणि पानांवर करपा आणणारी कोलेटोट्रिकम ग्लिओस्पोरिऑइड्स कोकणातल्या बागायतदारांना चांगली ठाऊक आहे. तिचाच एक प्रकार ब्राझीलमध्ये मिकोनियावर सापडला. तो इतर झाडांना लागत नाही ना याच्या चाचण्या झाल्या, आणि 1997 मध्ये हवाईत व 2000 मध्ये ताहितीत, ताराव्हाओच्या पठारावर, तो सोडला गेला.

हवाईत परिणाम माफक. ताहितीत तीनेक वर्षांत बुरशी वारा-पावसाने बेटभर पसरली. पानांवर काळे डाग पडतात, डागांची भोके होतात, पान चाळणीसारखे होते. थंड आणि सतत ओल्या हवेत रोग जास्त फोफावतो, म्हणून उंचीबरोबर नुकसान वाढत जाते. किनाऱ्याजवळ पानाचे थोडेसेच क्षेत्र जाते, वरच्या ढगाळ पट्ट्यात तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. मोठे झाड याने मरत नाही. पण छत्रातून ऊन झिरपू लागले आणि खाली ओफिओऱ्हायझासारख्या दुर्मीळ देशी झुडपांची नवी रोपे दिसू लागली. लहान मिकोनियाही बऱ्यापैकी दगावतात. त्याच उन्हात दुसरी परकी रोपेही वर येतात, त्यामुळे बुरशी सोडून स्वस्थ बसता येत नाही. दुर्मीळ झाडांच्या जागी हाताने निंदणी चालूच ठेवावी लागते.

आपल्याकडे

मिकोनियाला बाराही महिने ओल लागते. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस ताहितीइतका किंवा जास्तच पडतो, पण तो चार महिन्यांत. पुढचा कोरडा काळ या झाडाला मानवत नाही. म्हणून महाराष्ट्र-गोव्यात थेट धोका कमी. पश्चिम घाट जसजसा दक्षिणेकडे जातो तसतसा कोरडा काळ आखडतो, आणि श्रीलंकेत पेराडेनियाच्या बागेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिकोनिया लावलेला होता. त्या पट्ट्यात सावध राहायला हवे. हाच फरक मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरच्या पिचकारीलाही लागू पडतो. आफ्रिकन ट्यूलिप म्हणून ओळखले जाणारे ते झाड इथे शोभेचे राहिले. ताहिती, हवाई, फिजीत ते जंगलात घुसले. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत मिकोनिया आणि पिचकारी दोघेही आहेत.

मॉरिशसमधल्या मराठी मंडळींना हा विषय वेगळ्या झाडामुळे घरचा वाटेल. तिथल्या उरल्यासुरल्या देशी जंगलाचा गळा चायना पेरूने आवळला आहे. पण त्याची फळे लोक हौसेने तोडून खातात, विकतात, म्हणून त्याच्याविरुद्ध मोहीम उभी करणे अवघड. मिकोनियाला निदान कोणी चाहता नव्हता.

मोठ्या पानांची घरातली झाडे जमवणाऱ्यांनी एवढे पाहावे. तीन ठळक लांब शिरा आणि जांभळी पाठ असलेले रोप मिकोनिया म्हणून विकायला असेल, किंवा सायनोफायलम मॅग्निफिकम या जुन्या नावाने, तर घेऊ नये. मेडिनिलाच्या पानालाही अशा शिरा असतात, पण त्याची पाठ जांभळी नसते. आधीच घेतले असेल तर फुलावर येण्याआधी मुळासकट काढावे, कुंडीतली माती काळ्या पिशवीत बंद करून उन्हात तापवावी, आणि ती माती दुसऱ्या रोपाला वापरू नये. समुद्रकाठच्या किंवा सदाहरित जंगलाजवळच्या घरी तर कुंडीतही ठेवू नये. बुलबुलाला कुंडी आणि जमीन यांतला फरक कळत नाही.